चांदोली, कोयना, सागरेश्वर: सातारा-सांगलीच्या जंगलात जायचं असेल तर

ताडोबा किंवा पेंच बघून आलेला माणूस चांदोलीत आला की तासाभरात हिरमुसतो. एकामागोमाग धावणाऱ्या जिप्सी नाहीत, रस्त्याकडेला आरामात पहुडलेली वाघीण नाही, गाइडच्या फोनवर 'साइटिंग'चे निरोप नाहीत. डोंगर, दऱ्या, सडे म्हणजे कातळाची पठारं, आणि दहा पावलांपलीकडचं काही दिसू न देणारी झाडी, एवढंच. दुपारपर्यंत त्याचं मत पक्कं झालेलं असतं, 'इथं काही नाही.'

इथं पुष्कळ आहे, पण ते दिसतं कमी. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना वन्यजीव अभयारण्य मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेलं. जंगल निमसदाहरित, उतार तीव्र, आणि मध्य भारताच्या मानानं तृणभक्षी विरळ. त्यामुळं वाघही मोजकेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातून एक वाघीण आणून चांदोलीत सोडली ती त्यासाठीच. गवा, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या, रानकुत्री, शेकरू हे सगळे इथले रहिवासी आहेत. फरक एवढाच की इथलं जनावर दिसायच्या आधी ऐकू येतं, आणि ऐकू यायच्याही आधी त्याचा माग दिसतो. सहल या हिशेबानं आखली तर रिकाम्या हातानं परत यायची वेळ सहसा येत नाही.

आधी जंगल निवडा

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली जंगलं एकमेकांसारखी नाहीत. कुणाला बरोबर नेताय त्यावरून ठिकाण ठरवा.

घरात लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर सागरेश्वरपासून सुरुवात करा. कडेगाव, वाळवा आणि पलूस तालुक्यांच्या हद्दीवरचं हे जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं अभयारण्य माणसांनी उभं केलेलं आहे. एकेकाळी इथं उघडेबोडके डोंगर होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी झाडं लावली, जगवली, हरणं आणून सोडली, आणि १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं. भोवती कुंपण आहे, त्यामुळं काही जण याला मोठं प्राणिसंग्रहालय म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. सांबराच्या नराची शिंगं, चितळांचा कळप बिचकल्यावर कसा पांगतो, मोर ओरडल्यावर बाकीचे कान कसे टवकारतात, हे मुलांना इथं निवांत बघायला मिळतं, आणि पुढं चांदोलीत गेल्यावर तीच मुलं मोठ्यांच्या आधी आवाज ओळखतात. वरच्या टोकावरून कृष्णाकाठचा ऊस आणि द्राक्षबागा दिसतात. पायथ्याशी सागरेश्वराचं जुनं देवस्थान आहे. रेल्वेनं येणाऱ्यांना ताकारी स्टेशन जवळ. सकाळी दार उघडताच आत जा; दहानंतर हरणं सावलीत बसतात आणि मग नुसताच डोंगर चढणं होतं.

चांदोलीला जायचं ते गव्यासाठी आणि सड्यांसाठी. पुणे-बंगळूर महामार्गावरच्या पेठ नाक्यावरून आत वळा. शिराळा, कोकरूड, आरळा करत मणदूरला पोचलात की वारणा धरण समोर येतं. पेट्रोल शिराळ्यातच भरा आणि एटीएमचं कामही तिथंच उरका. आतला झोळंबीचा सडा म्हणजे जांभ्या दगडाचं विस्तीर्ण पठार. कडेनं दाट रान आणि मध्ये मोकळं गवत असल्यामुळं सकाळ-संध्याकाळ गवे चरायला बाहेर येतात. वाटेत आंबा-फणसाची जुनी झाडं, पडकी जोती, शेवाळलेली तुळशीवृंदावनं दिसतील. धरणासाठी आणि उद्यानासाठी उठवलेल्या गावांची ती गावठाणं. तिथल्या मोडलेल्या बांधांवर आणि पडीक शेतात आज गवा चरतो. बरोबरचा वाटाड्या बहुतेक वेळा अशाच एखाद्या उठलेल्या गावचा असतो. त्याला गावाबद्दल विचारा, पण फोटोसाठी जोत्यावर चढू नका.

कोयनेकडं दोन तऱ्हा आहेत. कराड-पाटणवरून कोयनानगर, नवजा, ओझर्डे धबधबा ही गाडीवाल्यांची बाजू. दुसरी बामणोलीची. साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला जायचं, तिथून लाँचनं शिवसागर जलाशय ओलांडून मेट इंदवलीला उतरायचं आणि घनदाट रानातून वासोटा किल्ला चढायचा. ट्रेकिंगवाल्यांची गर्दी वासोट्यालाच असते आणि सुट्टीच्या दिवशी ती फार असते. शनिवार-रविवारी वासोट्याच्या वाटेवर प्राणी दिसण्याची आशा धरू नये. मधल्या वारी जा, पहिल्या लाँचनं जा. गडाच्या निम्म्या वाटेपर्यंत तुमच्या पुढं कुणी नसेल तर बरंच काही पदरात पडतं.

पूर्वेकडचा खटाव-माणचा दुष्काळी पट्टा लोक विसरतातच. येरळवाडी, मायणी, सूर्याचीवाडीचे तलाव हिवाळ्यात पक्ष्यांनी भरतात. रोहित पक्ष्यांचा थवा कधी एका तलावावर उतरतो, कधी दुसऱ्या; पाण्याची पातळी त्यांना मानवेल तशी. चक्रवाक आणि पट्टकादंब तर जानेवारीत सहज दिसतात. इकडं परवानगीची भानगड कमी आणि चालणं सपाटीचं. मात्र दुर्बिणीशिवाय गेलात तर पाण्यावरचे ठिपके बघून परत याल.

हंगाम

जून ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत व्याघ्र प्रकल्पाचा गाभा पर्यटकांसाठी साधारणपणे बंद असतो, आणि तो असावाच. त्या दिवसांत कासला जा, नाहीतर कुंभार्ली घाट बघा.

ऑक्टोबरच्या मध्यानंतर दार उघडतं तेव्हा रान गच्च हिरवं असतं. डोळ्यांना सुख, पण जनावर दिसणं मुश्कील. ओढ्याकाठी जळवा अजून असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी चालायला सगळ्यांत चांगला काळ: धुकं, थंडी, पक्षी भरपूर. गवा सड्यावर उशिरापर्यंत थांबतो कारण ऊन त्याला बोचत नाही. मार्चपासून पानगळ होते, पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यावर जनावरं येऊ लागतात. प्राणी बघायचेच असतील तर एप्रिल-मे. त्याची किंमतही ठाऊक हवी: उकाडा, वणव्याचा धोका, आग्या मोहोळं, आणि करवंद-जांभळाच्या दिवसांत वाटेवर येणारी अस्वलं.

वैशाखातल्या बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्याशेजारच्या मचाणावर रात्र काढून प्राण्यांची नोंद करायचा उपक्रम वनखातं घेतं. स्वयंसेवक म्हणून नाव द्यायचं असेल तर महिनाभर आधी वन्यजीव विभागाच्या कार्यालयात चौकशी करा. रात्रभर न बोलता, न घोरता बसायची तयारी असेल तरच जा.

परवानगी, वाहन, वाटाड्या

फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र प्रत्येकाकडं मूळ स्वरूपात हवं. प्रवेशशुल्क, वाहनशुल्क, कॅमेऱ्याचं शुल्क आणि साप्ताहिक सुट्टी हे सगळं हंगामागणिक बदलतं, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात फोन करून विचारणं हाच खात्रीचा मार्ग. गेटवर पोचून 'आज बंद आहे' ऐकणारे दर सुट्टीत भेटतात.

वाटाड्या बंधनकारक असो वा नसो, घ्याच. मणदूर-जाधववाडीकडची पोरं सड्यावर अर्धा किलोमीटरवरचा गवा उघड्या डोळ्यांनी हेरतात आणि आपण दुर्बिणीतून काळा दगड बघत बसतो. पैशाचं आधी ठरवून घ्या, घासाघीस करू नका, आणि निघतानाच सांगा: "दादा, वाघ दाखवा असं आमचं काही नाही. दोन-तीन ठिकाणीच थांबू, पण निवांत थांबू." या एका वाक्यानं दिवस बदलतो. नाहीतर तोही बिचारा गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून गाडी पळवत राहतो.

बामणोलीला वनखात्याच्या परवानगीचं आणि लाँचचं काम वेगवेगळं असतं. लाँच गटावर ठरते, तेव्हा चौघेच असाल तर दुसरा गट शोधा किंवा पूर्ण भाडं भरायची तयारी ठेवा. लाइफ जॅकेट अंगात घाला, मांडीवर ठेवू नका. मेट इंदवलीला बॅगा तपासून प्लॅस्टिकच्या बाटल्या-पाकिटं मोजतात आणि परतताना तेवढी दाखवावी लागतात. कटकट वाटते खरी, पण या वाटेवरचा कचरा त्यामुळंच आटोक्यात आहे. मुक्कामाला परवानगी नाही, अंधाराआधी लाँचवर परतायचं असतं. एक-दीड तास पाण्यावर, अडीच-तीन तास चढाई, तेवढंच उतरणं आणि पुन्हा पाणी, असा हिशेब घातला तर सकाळी आठनंतर बामणोली सोडण्यात अर्थ नाही.

लाँचवाल्याचा फोन नंबर कागदावर लिहून घ्या. पलीकडं रेंज मिळण्याचा भरवसा नाही आणि गाडीरस्ता तर नाहीच. कुणाचा पाय मुरगळला, साप चावला तर पाण्यावरूनच परत यायचं आहे. म्हणूनच हृदयविकार, दम्याचा त्रास असलेल्यांनी हौसेखातर वासोटा करू नये.

सॅकमध्ये काय

कपडे मातकट, फिक्या हिरव्या किंवा राखाडी रंगाचे. पांढराशुभ्र शर्ट आणि भडक लाल टोपी लांबून उठून दिसते. पूर्ण बाह्या, पूर्ण पॅन्ट, घोट्यापर्यंतचे बूट. माणशी तीन लिटर पाणी; वासोट्याच्या वाटेवर फेब्रुवारीनंतर झऱ्यांवर विसंबू नका. दुर्बीण आठ बाय चाळीसच्या आसपासची पुरते. माझं मत विचाराल तर कॅमेऱ्याच्या मोठ्या लेन्सपेक्षा ती कामाची. लेन्सवाला माणूस फोटो मिळेपर्यंत हलत नाही आणि फोटो मिळाल्यावर बघायचं थांबतो.

जळवांसाठी तंबाखूची पूड किंवा मीठ, क्रेप बँडेज, नेहमीची औषधं, शिट्टी, छोटी टॉर्च. खाणं वास न पसरणारं: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, राजगिऱ्याचे लाडू. सुकी मच्छी किंवा घमघमणारी बिर्याणी गाडीतच राहू द्या. अत्तर, डिओ, सुवासिक तेल अजिबात नको. मधमाश्यांचं प्रकरण पुढं येतंय. ब्लूटूथ स्पीकर घेऊन येणाऱ्यांनी तिकिटाचे पैसे वाचवावेत आणि एखाद्या ढाब्यावर बसावं. ड्रोन विनापरवाना उडवला तर गुन्हा दाखल होऊ शकतो. काडेपेटी आणि विडी-सिगारेट गेटवरच ठेवा. वणवा पसरू नये म्हणून उन्हाळ्यात वनमजूर दिवसदिवस खपून जाळरेषा काढत असतात. तिथं एक थोटूक पुरतं.

माग काढत चालणं

चालण्याचा वेग निम्मा करा. शंभर पावलं चालायचं, थांबायचं, दोन मिनिटं नुसतं ऐकायचं. एका ओळीत चालायचं, पुढचा थांबला की मागच्यानंही थांबायचं आणि हळू बोलायचं. फुसफुसण्यापेक्षा खालच्या पट्टीतलं साधं बोलणं बरं.

आवाजांचं एवढं लक्षात ठेवा. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, थांबून थांबून, कधीकधी दहा-पंधरा मिनिटं. सांबराचा इशारा एकच ठसठशीत 'पोंक', आणि सांबर उगाच ओरडत नाही. वानर नुसतं हुप्प करतंय की खाकरल्यासारखा कर्कश आवाज काढून एकाच दिशेला बघतंय, हा फरक महत्त्वाचा. भेकर, सांबर आणि वानर असे तिघेही एकाच बाजूला बघून ओरडू लागले तर त्या झाडीत बिबट्या नाहीतर रानकुत्री आहेत असं समजा. अशा वेळी पुढं घुसायचं नाही. आहात तिथंच बसा, वाट ओलांडताना दिसलं तर दिसलं.

मातीतले ठसे सकाळी तिरप्या उन्हात चांगले दिसतात. कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात नखं उमटतात, बिबट्याच्या उमटत नाहीत. बिबट्याच्या तळव्याच्या मागच्या कडेला तीन गोलसर उंचवटे असतात. त्याचा ठसा साधारण सात-आठ सेंटिमीटर रुंद. याहून बराच मोठा, बारा सेंटिमीटरच्या पुढचा दिसला तर बोट लावू नका. शेजारी आगपेटीएवढी मोजमापाची वस्तू ठेवून फोटो काढा आणि वनरक्षकाला दाखवा.

मणदूरच्या बाजूला एकदा एक वयस्कर वनमजूर आमच्यापुढं चालत होते. वाटेच्या मधोमध उकरलेल्या मातीपाशी ते वाकले. शेजारी काळपट विष्ठा होती. काडीनं त्यांनी ती अलगद फोडली. आत करवंदाच्या बिया, मुंग्यांची चकाकती डोकी आणि थोडी माती. "अस्वल हाय. काल रातचं," ते म्हणाले. मग वरच्या वारुळाकडं बोट केलं, "वारूळ फोडल्यालं बघा. ह्येच्या फुडं जरा बोलत चला, गप जाऊ नगा." काडी फेकून ते पुढं निघाले आणि चालता चालता मोठ्यानं खोकू लागले. अस्वलाच्या रानात गप्प चालायचं नसतं हा नियम पुस्तकी भाषेत अनेकदा वाचला होता, तो कळला त्या खोकल्यानं.

शेकरू बघायचं तर मान वर हवी. मोठ्या झाडांच्या दुबेळक्यात डहाळ्या-पानांची गोल घरटी दिसतात. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, म्हणून घरटं दिसलं की मालक आत आहेच असं नाही. झाडाखाली अर्धवट कुरतडलेली ताजी फळं पडलेली असतील तर मात्र तिथंच थांबा. वरून खडखडाट ऐकू आला की ते तुम्हाला बघून चिडलेलं असतं. पाच मिनिटं न हलता उभे राहिलात तर परत खायला लागतं. आपल्या राज्याचा हा प्राणी वासोट्याच्या पहिल्या टप्प्यात, गर्दी नसेल तेव्हा, चांगला दिसतो.

झाडांना किंवा खांबांना बांधलेल्या छोट्या पेट्या दिसतील. ते कॅमेरा ट्रॅप. त्यापुढं नाचू नका, हात लावू नका.

समोर आलंच तर

गव्यापासून सुरुवात करू, कारण गाठ त्याच्याशीच पडण्याची शक्यता जास्त. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. काळाकुळकुळीत अंग, पायात पांढरे मोजे, पाठीवर उंच वशिंडासारखा कणा. माद्या आणि पाडसं तपकिरी. त्याचं नाक फार तिखट असतं, म्हणून वारा तुमच्याकडून त्याच्याकडं वाहत असेल तर कळप बघण्याआधीच निघून जातो. कळपापेक्षा एकटा नर आणि पाडसू असलेली मादी यांचा भरवसा कमी धरावा.

वाटेवर गवा उभा दिसला तर थांबा. तो मान वर करून बघेल, फुरफुरेल, कधी शिट्टीसारखा आवाज काढेल. एवढ्यावर बहुतेक वेळा तो झाडीत शिरतो. पण त्यानं अंग आडवं करून, मान ताठ ठेवून, सावकाश पावलं टाकत स्वतःची पूर्ण बाजू दाखवायला सुरुवात केली तर तो धमकी देतोय. लोकांना वाटतं, वा, फोटोला पोज देतोय! तिथंच अपघात होतात. नजर त्याच्यावर ठेवून, पाठ न दाखवता, हळूहळू मागं सरा आणि मोठ्या झाडाचा आडोसा घ्या. त्याच्या पळण्याच्या वाटेत उभं राहू नका. एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही अशी कोंडी झाली की तो तुमच्याच अंगावरून जाणार. गाडीत असाल तर इंजिन चालू ठेवून थांबा. हॉर्न नको, डिपर नको, खाली उतरणं तर नकोच. उन्हाळ्यात गवे शिराळा-पाटणच्या गावांत, कधी शहरातही येतात आणि मागं मोबाइल घेऊन शंभर माणसं धावतात. घाबरलेला गवा धावून धावून मरतो आणि वाटेत माणूस मारतो. अशा गर्दीत सामील न होणं हीसुद्धा वन्यजीवांची सेवाच.

अस्वलाला दिसतं कमी, ऐकू येतं बेताचं आणि ते वारूळ किंवा मोहोळ उकरताना पूर्ण गुंगलेलं असतं. म्हणून अचानक जवळ गेलं की ते दचकून हल्ला करतं. वळणावर बोलत जा, टाळी वाजवा. लांबून दिसलं तर ज्या पावली आलात त्याच पावली मागं फिरा. पिल्लं पाठीवर असलेल्या मादीच्या जवळपासही जाऊ नका. पळून अस्वलाला हरवता येत नाही आणि झाडावरही ते तुमच्याआधी चढतं.

बिबट्या जंगलात क्वचित दिसेल, उसात मात्र गाठ पडू शकते. कराड, पाटण, शिराळा, वाळवा या पट्ट्यात तो उसात राहतो, तिथंच वितो. संध्याकाळी बांधावरून एकट्यानं जाताना मोबाइलवर गाणी लावा, टॉर्च घ्या. समोर आला तर वाकायचं नाही, बसायचं नाही, पळायचं नाही. हात वर करून अंग मोठं दाखवा, मोठ्यानं बोला, मूल असेल तर उचलून घ्या आणि मागं सरका. ऊसतोडीच्या दिवसांत सरीत बछडे सापडतात. त्यांना उचलून घरी आणणं, दूध पाजणं, मांडीवर घेऊन फोटो काढणं हे सगळं वर्ज्य. तोड थांबवा, माणसं लांब करा, वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. खात्याची माणसं बछडे त्याच जागी खोक्यात ठेवतात, कॅमेरा लावतात, आणि रात्री मादी येऊन एकेक उचलून नेते. पश्चिम महाराष्ट्रात हे अनेकदा झालंय. ती आसपासच असते, म्हणून गर्दी करणं तुमच्यासाठीही धोक्याचं.

मधमाश्यांना लोक प्राण्यांत धरत नाहीत, पण कड्याकपारीच्या गडांवर बिबट्यापेक्षा मला त्यांचीच धास्ती जास्त वाटते. वासोट्याचा बाबूकडा असो की आणखी कुठला, कड्याला लोंबणारं आग्या मोहोळ दिसलं की आरडाओरडा, दगड, धूर, तीव्र वास सगळं बंद. माश्या उठल्याच तर डोकं-तोंड कपड्यात गुंडाळा आणि पळा. इथं पळणंच बरोबर. हात झाडत उभं राहू नका, पाण्यात बुडी मारू नका. त्या वर घोंघावत वाट बघतात. काटे नखानं खरवडून काढा. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला तर तो दवाखान्याचा मामला, घरगुती उपाय नको.

सापांत नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चौघे मुख्य विषारी, आणि ओल्या रानात चापडा. हिरवा चापडा फांदीवर पानात मिसळून बसतो, त्यामुळं चढताना आधारासाठी फांदी धरण्याआधी बघा. दगडावर बसण्याआधी काठीनं आपटा. चावलाच तर चावलेला अवयव हलू देऊ नका, अंगठी-घड्याळ काढा, आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. मांत्रिक, देऊळ, पाला यांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करून शिराळा, पाटण, कराड, सातारा यांपैकी जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. साप पकडून बरोबर न्यायची गरज नसते.

एक धोका नदीचा. सागरेश्वर बघून लोक औदुंबर, भिलवडीकडं जातात आणि घाटावर डुबकी मारतात. सांगलीपर्यंतच्या कृष्णेत मगरी आहेत आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. हिवाळ्यात त्या ऊन खात काठावर पडलेल्या दिसतात. दुर्बिणीतून पलीकडच्या काठावरून बघायला सुंदर. उन्हाळ्यात मादी अंड्यांची राखण करते तेव्हा काठावर जाणंही टाळावं. पहाटे-संध्याकाळी पाण्यात उतरू नका, स्थानिक लोक जिथं धुणं धुतात तिथंच थांबा आणि त्यांना आधी विचारा: "मावशी, आज दिसलीय का?" मावशींना पक्कं ठाऊक असतं.

परतल्यावर

गाडीत बसण्याआधी मोजे काढून जळवा, गोचिडी बघा. कानामागं, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. त्याच रात्री नोंद लिहा: तारीख, वेळ, ठिकाण, काय दिसलं, काय करत होतं, हवामान. दोन-तीन हंगामांच्या अशा वह्या झाल्या की कुठल्या ओढ्यावर कधी जायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. फोटो टाकताना मोबाइलमधली जागेची नोंद बंद करा. खवल्या मांजराचं बीळ, ककणेराची म्हणजे धनेश पक्ष्याची ढोली, वाघाचा ठसा यांची अचूक जागा समाजमाध्यमांवर गेली की शिकाऱ्यांचं काम सोपं होतं.

घरी जाताना पाटण ते कोयनानगर, आरळा ते मणदूर आणि कासच्या घाटात अंधार पडल्यावर गाडी चाळीसच्या वर नेऊ नका. साळिंदर, उदमांजर, ससा, भेकर याच वेळी रस्ता ओलांडतात. एक डोळा चमकला तर मागं दुसरा असतो असं धरून ब्रेकवर पाय ठेवा. धडकेत मेलेलं जनावर दिसलं तर गाडी सुरक्षित जागी लावून, हात न लावता, किलोमीटरचा दगड बघून १९२६ ला कळवा.